वडीलधाऱ्यांचे मृत्युपत्र : मदत करण्याची रीत

मृत्युपत्राचा विषय आपल्या घरांत सहसा काढला जात नाही. मुलाने काढला तर तो आईबापांच्या मरणाची वाट पाहतो असे वाटते, मुलीने काढला तर ती माहेरच्या वाट्यावर डोळा ठेवून आहे असे बोलले जाते, आणि खुद्द वडीलधाऱ्यांनी काढला तर सगळेच "असे अभद्र बोलू नका" म्हणून त्यांना गप्प करतात. परिणामी विषय राहून जातो आणि दफनविधीनंतर चाळीस दिवस उलटण्याच्या आत भावंडांत बोलणे बंद होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आपल्या धर्मग्रामांतही हे चित्र नवे नाही.

पवित्र शास्त्रात या विषयाची भीती दिसत नाही. वृद्ध याकोबाने आपल्या मुलांना जवळ बोलावून प्रत्येकाशी शेवटचे बोलणे केले. हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा यशया संदेष्ट्याने त्याला प्रथम घराची व्यवस्था लावण्यास सांगितले. प्रभू येशूने तर क्रुसावरूनही आपल्या आईची काळजी एका शिष्यावर सोपविली. मागे राहणाऱ्यांची सोय करून ठेवणे हे प्रेमाचेच काम होय. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केलेला आजी-आजोबा व वृद्ध यांचा जागतिक दिन दरवर्षी जुलैच्या चौथ्या रविवारी पाळला जातो. त्या दिवशी पुष्पगुच्छ देऊन झाल्यावर वडीलधाऱ्यांशी सावकाश बोलण्यासारखा हा एक विषय आहे.

या लेखात आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राला कोणता कायदा लागू होतो ही पहिली. त्या कामी घरातल्या माणसाने कशी आणि कोठवर मदत करावी ही दुसरी, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाची.

मृत्युपत्र नसेल तर काय होते?

भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा कायदा लागू होतो. शेजारच्या हिंदू कुटुंबाला लागू होणारा १९५६ चा कायदा आपल्याला लागू होत नाही. हे अनेकांना ठाऊक नसते आणि बरेचसे गैरसमज येथूनच सुरू होतात.

या कायद्यानुसार पुरुष मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एकतृतीयांश आणि सर्व मुलांना मिळून दोनतृतीयांश वाटा मिळतो. पत्नी वारली तर पतीलाही असाच वाटा मिळतो. मुलगे आणि मुली समान वाटेकरी असतात. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. समजा, भुसावळच्या एका सेवानिवृत्त रेल्वे कामगाराने आयुष्याच्या कमाईतून घर बांधले आणि ते त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. तो मृत्युपत्राविना वारला आणि मागे पत्नी व तीन मुले राहिली. त्या घराचे नऊ भाग कल्पिले तर तीन भाग पत्नीचे आणि प्रत्येक मुलाचे दोन. ज्या घरात तिने संसार केला त्याची ती केवळ एकतृतीयांश मालक ठरते. एखाद्या मुलाने वाटणीचा आग्रह धरला तर म्हातारपणी तिच्यावर घर विकण्याची वेळ येऊ शकते.

आणखी काही गोष्टी याहून कठोर आहेत. मुलगा आईच्या आधी वारला आणि त्याला पत्नी व मुले असली, तर त्याच्या मालमत्तेत आईला काहीच मिळत नाही. सासरे वारले तर आधीच विधवा झालेल्या सुनेला स्वतःचा असा वाटा नसतो. तिच्या मुलांना त्यांच्या बापाचा वाटा मिळतो, पण ती निःसंतान असेल तर तिने सासूसासऱ्यांची कितीही सेवा केली तरी कायदा तिला ओळखत नाही. घरात पोसलेली भाची किंवा अनाथ मूल कायदेशीर दत्तक घेतलेले नसेल, तर तेही वारस ठरत नाही. अशा माणसांसाठी मृत्युपत्र हाच आधार असतो.

हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेवर जन्मतः हक्क मिळतो, तसा हक्क ख्रिस्ती मुलांना या कायद्यात नाही. वडिलांना आजोबांकडून आलेली जमीनही त्यांची स्वतःचीच असते आणि ती ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. कायद्याने हे स्वातंत्र्य दिले असल्यामुळे ते न्यायाने वापरण्याची जबाबदारी सद्सद्विवेकबुद्धीवर येते.

साक्रीच्या परिसरातील वा सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी कुटुंबांत वारसाच्या वेळी समाजाच्या रूढीचा प्रश्नही पुढे येतो आणि मुलींना बाजूला सारले जाते. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा मान्य केला. तरीही न्यायालयाची पायरी चढायला लागू नये असे वाटत असेल, तर बापाने लेकीचे नाव स्वतः लिहून ठेवावे हे उत्तम.

गोव्याचे मूळ असलेल्या कुटुंबांनी एक सूचना ध्यानात ठेवावी. गोव्यात वारसाचा कायदा निराळा आहे. तेथे पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक मानली जाते आणि मुलांसाठी अर्धा भाग राखीव असतो. मूळ अधिवास गोव्याचा असेल किंवा तेथे घर-जमीन असेल, तर तेथील वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून मृत्युपत्र करू नये.

साधे मृत्युपत्र म्हणजे काय?

मृत्युपत्र किंवा इच्छापत्र म्हणजे आपल्या मृत्यूनंतर आपल्या मालमत्तेचे काय व्हावे याची लेखी घोषणा. अठरा वर्षे पूर्ण झालेली, भानावर असलेली कोणतीही व्यक्ती ते करू शकते. अंध किंवा मूकबधिर व्यक्तीलाही, आपण काय करतो आहोत हे समजत असेल तर, मृत्युपत्र करता येते. आजारात शुद्ध येत-जात असेल तर शुद्धीच्या काळात केलेले मृत्युपत्र चालते. पण तेथेच पुढे वाद होतात, म्हणून प्रकृती बरी असतानाच हे काम करावे.

त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कोरा कागद पुरतो. भाषाही कोणतीही चालते. जे मृत्युपत्र करतात त्यांनी कागदावर सही करावी किंवा अंगठा उठवावा. तेही शक्य नसेल तर त्यांच्या समक्ष आणि त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्याने सही केली तरी चालते. किमान दोन साक्षीदारांनी ही सही होताना पाहावी आणि मग प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याच्या समक्ष आपली सही करावी. कायद्याला एवढेच हवे असते.

जिवंतपणी मृत्युपत्र केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. नवे केले तर त्यात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे" असे वाक्य घालावे. जुन्या कागदावर खाडाखोड करून भागत नाही. बदलासाठीही सही आणि दोन साक्षीदार लागतात.

शेजारच्या घरचा अनुभव येथे चालत नाही

दोन नियम असे आहेत की ते ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राला लागू होतात, पण हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला लागू होत नाहीत. ओळखीचा अर्जनवीस, आणि कधी घाईतला वकीलही, ते विसरतो.

पहिला नियम साक्षीदाराविषयी आहे. मृत्युपत्रात ज्याला काही दिले आहे त्याने, किंवा त्याच्या पती वा पत्नीने, साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र वैध राहते. पण त्या व्यक्तीला दिलेला वाटा रद्द होतो. कलम ६७ चे हे परिणाम घरात कसे उतरतात ते पाहावे. वडिलांनी लेकीला घराची एक खोली लिहून दिली आणि घरचाच माणूस म्हणून जावयाने साक्षीदाराची सही केली, तर लेकीची खोली गेली. जावयाने काही कपट केलेले नसते. तरीही कायदा सवलत देत नाही. म्हणून मुलगे, मुली, सुना, जावई यांपैकी कोणीही साक्षीदार होऊ नये.

दुसरा नियम विवाहाविषयी आहे. मृत्युपत्र केल्यानंतर त्या व्यक्तीने विवाह केला तर कलम ६९ नुसार ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुर वडिलांनी किंवा विधवा आईने पुनर्विवाह केला असेल, तर आधीच्या मृत्युपत्रावर विसंबू नये, नवे करावे.

मदत कोठे सुरू व्हावी आणि कोठे थांबावी

वृद्ध माणसाला मदत लागते हे खरे आहे. दिसत नाही, लिहिता येत नाही, उतारा कोठे मिळतो ते ठाऊक नसते. ही मदत करणारा बहुधा त्याच घरात राहणारा मुलगा किंवा मुलगी असते आणि मृत्युपत्रात मोठा वाटाही बहुधा त्यांनाच मिळणार असतो. पुढच्या वादाचे मूळ येथेच असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली एच. वेंकटचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्माजम्मा या प्रकरणात जे तत्त्व सांगितले ते आजही प्रत्येक न्यायालयात आधाराला घेतले जाते. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले होते. त्याचा आशय असा की, ज्याला मृत्युपत्रातून मोठा लाभ होतो त्यानेच ते करून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद बाब ठरते; हा संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर येते. मृत्युपत्र करणारी व्यक्ती साक्ष द्यायला येऊ शकत नाही. म्हणून न्यायालय कागदाभोवतीची परिस्थिती पाहते. वकील कोणी आणला? मजकूर कोणी सांगितला? सही झाली तेव्हा खोलीत कोण होते?

यावरून आमचे सांगणे असे आहे. कागद गोळा करणे, रिक्षा ठरविणे, डॉक्टरांची वेळ घेणे, मजकूर मोठ्याने वाचून दाखविणे ही मदत होय. कोणाला किती द्यावे हे सुचविणे, "मी तुमचे केले, त्याने काय केले" असे ऐकविणे, मजकूर आधीच टाइप करून केवळ सहीसाठी पुढे ठेवणे ही मदत नव्हे. फसवणूक, जबरदस्ती किंवा ज्यापुढे माणसाचे काही चालेनासे होते असा तगादा यांतून झालेले मृत्युपत्र कायद्याने रद्दच असते.

म्हणून निर्णयाचे बोलणे लाभार्थ्याच्या अनुपस्थितीत व्हावे. निवृत्त शिक्षक, धर्मग्रामातील एखादी विश्वासू व्यक्ती किंवा वकील यांनी वडीलधाऱ्यांशी एकट्यात बोलावे आणि त्यांच्याच भाषेत बोलावे. आपल्याकडे पुष्कळ वृद्ध स्त्रियांना पुस्तकी मराठी समजते, पण मनातले त्या अहिराणीतच सांगतात. "माय, तुना मनमा काय शे?" असे विचारले तर जे उत्तर येईल ते "आपली अंतिम इच्छा काय?" या प्रश्नाला येणार नाही. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या वृद्धांनाही हेच लागू आहे. पहिल्या दिवशी फक्त ऐकून टिपण करावे. आठ-दहा दिवसांनी तेच वाचून दाखवावे आणि मन बदलले आहे का ते विचारावे. बदलले असेल तर नाराज होऊ नये. तो त्यांचा हक्क आहे.

मुलांना मजकूर आधी सांगावा का, हेही वडीलधाऱ्यांनीच ठरवावे. आमचा अनुभव असा की एकाला अधिक देण्याचे कारण मृत्युपत्रात दोन सौम्य वाक्यांत लिहिले तर कटुता कमी होते. उदाहरणार्थ, "थोरल्याच्या शिक्षणासाठी व घरासाठी मी यापूर्वीच खर्च केला आहे, म्हणून हे घर धाकट्यास देत आहे." दोषारोप मात्र लिहू नयेत, मृत माणसाने केलेल्या आरोपाला उत्तर देता येत नाही.

मालमत्तेची यादी

मजकुराआधी यादी करावी. नावावर जे नाही ते देता येत नाही, म्हणून प्रत्येक गोष्टीचा कागद पाहावा.

शेतीसाठी ताजा सातबारा आणि ८-अ चा उतारा काढावा. गट क्रमांक, क्षेत्र आणि नावे जुळतात का ते पाहावे. भावांची नावे सामाईक असतील तर वडीलधाऱ्यांना आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येईल. उताऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असे असेल, किंवा जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल, तर तिच्यावर शर्ती असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात, कुळकायद्याच्या बंधनांमुळे शेतजमीन मृत्युपत्राने बिगरशेतकऱ्याला देता येत नाही असे ठरविले. गुजरातचा आणि आपला कुळकायदा एकाच, १९४८ च्या मुंबई राज्याच्या कायद्यातून आलेला आहे. तेव्हा शेती कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला द्यायची असेल तर आधी वकिलाला विचारावे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ ची कडक बंधने आहेत, हेही विसरू नये.

शहरातील घरासाठी सिटी सर्व्हेचा मिळकत पत्रिकेचा उतारा आणि खरेदीखत काढावे. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा ओळख पटविण्यास उपयोगी पडतो, परंतु तो मूलतः घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. रेल्वेचे किंवा कारखान्याचे क्वार्टर, तसेच संस्थेच्या आवारात राहावयास मिळालेली जागा ही आपली मालमत्ता नसते. ती मृत्युपत्रात लिहू नये.

कुटुंब निवृत्तिवेतनाविषयी भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात विशेष गैरसमज असतो. व्हायोलेट आयझॅक विरुद्ध भारत सरकार या १९९१ च्या प्रकरणात, एका मृत रेल्वे कर्मचाऱ्याने भावाच्या नावे मृत्युपत्र केल्याचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की कुटुंब निवृत्तिवेतन हा कर्मचाऱ्याच्या मालमत्तेचा भागच नाही, म्हणून ते मृत्युपत्राने कोणालाही देता येत नाही. नियमाप्रमाणे ज्याला मिळायचे त्यालाच ते मिळते.

बँकेतील ठेवींना नामनिर्देशन केलेले असते. नॉमिनी म्हणजे मालक, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत एवढेच त्यातून ठरते. पैसा वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचे नाव असेल त्याचा असतो. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगांवकर यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबात निघालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअर्सच्या बाबतीतही हेच तत्त्व मान्य केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. तेव्हा नामनिर्देशन आणि मृत्युपत्र या दोहोंत शक्यतो एकच नाव ठेवावे, म्हणजे भांडणाचे कारणच उरणार नाही.

यादीत कर्जही लिहावे. विकास सोसायटीचे पीककर्ज, सोनेतारण, हातउसने हे सर्व लिहावे. अंत्यविधीचा खर्च आणि देणी भागवून जे उरते तेच वारसांचे असते.

मजकुराचा नमुना

साध्या मृत्युपत्राचा मजकूर दीड-दोन पानांत बसतो. रिकाम्या जागा भरून पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

"मी, ……… (पूर्ण नाव), वय ……… वर्षे, धर्म ख्रिस्ती, राहणार ………, तालुका ………, जिल्हा ………, आज दिनांक ……… रोजी पूर्ण शुद्धीवर असताना, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे.

माझ्या कुटुंबात ……… (पती/पत्नी, मुलगे, मुली यांची नावे) आहेत.

माझ्या मालकीची मालमत्ता अशी : (१) मौजे ………, गट क्रमांक ………, क्षेत्र ……… ही शेतजमीन, (२) ……… येथील घर, सिटी सर्व्हे क्रमांक ………, (३) ……… बँकेतील खाते व ठेवी, (४) दागिने व घरसामान.

माझ्या मृत्यूनंतर अनुक्रमांक (१) ची मालमत्ता ……… यांना मिळावी. अनुक्रमांक (२) च्या घरात माझ्या पत्नीने हयातभर राहावे. तिला कोणीही काढू नये. तिच्या पश्चात ते घर ……… व ……… यांना समान मिळावे. वर न लिहिलेली किंवा यापुढे माझ्या मालकीची होणारी सर्व मालमत्ता ……… यांना मिळावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी ……… यांना व्यवस्थापक नेमीत आहे. हे मृत्युपत्र मला ……… भाषेत वाचून दाखविले असून ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे."

यानंतर सही वा अंगठा, दिनांक, स्थळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, पूर्ण नावे व पत्ते.

यातील दोन वाक्ये गाळू नयेत. पत्नीच्या हयातभर राहण्याचे वाक्य हे वर सांगितलेल्या एकतृतीयांशाच्या अडचणीवरचे औषध आहे. उरलेल्या मालमत्तेचे वाक्य नसेल तर विसरलेली एखादी ठेव मृत्युपत्राबाहेर राहते. ज्याला द्यायचे तो आधीच वारला तर ते कोणाला मिळावे, हेही लिहावे. मुलगा किंवा मुलगी आधी वारली आणि त्यांना मुले असली तर तो वाटा साधारणतः त्या मुलांकडे जातो. परंतु भाची, सून, मित्र यांच्याबाबत तसे होत नाही.

"माझ्या लाडक्यांना योग्य तो वाटा द्यावा" असे मोघम लिहू नये. ज्या मजकुराचा निश्चित अर्थ लागत नाही तो व्यर्थ ठरतो.

सहीचा दिवस

साक्षीदार मृत्युपत्रकर्त्याहून वयाने लहान, जवळपास राहणारे आणि वेळ आली तर न्यायालयात येणारे असावेत, कारण मृत्युपत्र सिद्ध करताना हयात साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष लागते. त्यांना मजकूर ठाऊक असण्याची गरज नाही. त्यांनी सही पाहिलेली असावी. धर्मगुरूंना साक्षीदार होण्याचा आग्रह करू नये. त्यांची बदली होते, आणि मृत्युपत्रात धर्मग्रामासाठी काही दिले असेल तर नाहक शंका निघतात.

वय बरेच असेल किंवा आजारपण असेल तर नेहमीच्या डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला घ्यावा : व्यक्ती भानावर आहे, प्रश्न समजून उत्तरे देते. डॉक्टरांनी स्वतः साक्षीदार म्हणून सही केली तर अधिक चांगले. प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा घ्यावा. त्या वेळी लाभार्थ्यांनी दुसऱ्या खोलीत बसावे.

नोंदणी आणि जपणूक

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसलेलेही तितकेच वैध असते. तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी केली तर कागद हरवण्याची किंवा "हा अंगठाच आमच्या आईचा नाही" असे म्हटले जाण्याची भीती कमी होते. त्यासाठी मुदत नाही आणि मुद्रांक शुल्कही नाही. वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असेल तर विशेष कारण दाखवून निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर मोहोरबंद लिफाफा जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे.

मूळ मृत्युपत्र कोठे आहे हे व्यवस्थापकाला आणि आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावे. दफनाविषयीच्या किंवा स्मरणार्थ मिस्सा अर्पण करण्याविषयीच्या इच्छा वेगळ्या कागदावर लिहून घरात ठेवाव्यात. मृत्युपत्र बहुधा दफनानंतरच उघडले जाते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जळगाव व धुळे येथील जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळते.

हयातीत नावावर करून देण्याची घाई नको

"मृत्युपत्र कशाला, आताच बक्षीसपत्र करून द्या" असे वृद्धांना पुष्कळदा सुचविले जाते. या दोहोंत मोठे अंतर आहे. मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते आणि तोवर घर त्यांचेच राहते. बक्षीसपत्राने घर त्याच दिवशी दुसऱ्याचे होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परत मागता येते. पण त्यासाठी आईने मुलाविरुद्ध अर्ज करावा लागतो, आणि बहुतेक आया तसे करण्यापेक्षा उपाशी राहणे पत्करतात. म्हणून छप्पर स्वतःच्या नावावर असेपर्यंत वृद्धांनी ते सोडू नये, असे आम्हांला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

दानधर्मासाठी काही ठेवायचे असल्यास

पूर्वी ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रातील दानावर एक जाचक बंधन होते. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असेल तर धर्मकार्यासाठीचे मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले आणि सहा महिन्यांच्या आत सरकारी अभिरक्षेत जमा केलेले असावे लागे. केरळमधील फादर जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २००३ रोजी हे कलम ११८ समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केले. तेव्हा आता अन्य कोणत्याही भारतीयाप्रमाणे ख्रिस्ती व्यक्तीही गरिबांसाठी, शाळेसाठी वा धर्मग्रामासाठी मृत्युपत्राने देऊ शकते. संस्थेचे नोंदणीकृत नाव अचूक लिहावे. मात्र पत्नीचा, अपंग मुलाचा किंवा आश्रित बहिणीचा आधार काढून केलेले दान कोणालाही मागता येणार नाही आणि कोणी मागू नये.

मृत्यूनंतरची कामे

२००२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रासाठी न्यायालयाकडून प्रोबेट घेणे सक्तीचे राहिलेले नाही. शेतजमिनीसाठी मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत जोडून तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, अर्ज द्यावा. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. घराची नोंद सिटी सर्व्हे कार्यालयात बदलावी. फेरफार हा महसुली नोंदीचा भाग आहे. मालकीचा वाद निघाला तर तो दिवाणी न्यायालयातच मिटतो.

हे सर्व वाचून काम मोठे वाटेल. प्रत्यक्षात उतारे काढणे, दोन सावकाश बैठका आणि सहीची एक सकाळ एवढेच त्यात आहे. ज्यांच्या घरी आईवडील, आजीआजोबा, अविवाहित आत्या किंवा काका आहेत, त्यांनी या महिन्यात निदान यादीचा कागद तयार करावा, आणि कोणाला काय द्यावे हे बोलणे निघाले की आपण खोलीबाहेर जावे.